मुका मार की अर्बुद? – न उतरणाऱ्या सुजेचे निदान

दुखापतीचे जे बारकावे मराठी भाषेने टिपले आहेत, त्यांत ‘मुका मार’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, हाडही मोडत नाही. परंतु आतल्या आत मांस ठेचले जाते, रक्त साकळते आणि सूज येते. बैलाची लाथ, मोटारसायकलवरून पडणे, कबड्डीच्या मैदानावरील घट्ट पकड, धान्याचे पोते उचलताना मांडीला बसलेला हिसका अशा निमित्तांनी हा मार खेड्यापाड्यांत नित्याचाच झालेला असतो. त्यावरील उपायही ठरलेले असतात. आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावावा, मिठाच्या पुरचुंडीने शेकावे, फार तर जाणत्या हाडवैद्याकडून तेल लावून घ्यावे. आठपंधरा दिवसांत सूज ओसरते आणि मार विसरला जातो. बहुतेक वेळा घडते ते असेच, आणि म्हणूनच या उपायांवरील लोकांचा विश्वास टिकून आहे.

क्वचित मात्र सूज ओसरत नाही. महिना जातो, दोन महिने जातात; मांडीचा फुगवटा कमी होण्याऐवजी वाढत राहतो. तो दुखत नसल्यामुळे कोणी फारशी काळजी करीत नाही. ‘मार खोल बसला आहे, वेळ लागेल’ असे सांगितले जाते. अशा थोड्या रुग्णांमध्ये तो फुगवटा साकळलेल्या रक्ताचा नसून स्नायू, चरबी, स्नायुबंध यांसारख्या मृदू ऊतींत उद्भवलेल्या अर्बुदाचा, म्हणजे सार्कोमा या कर्करोगाचा असतो. दुखापतीचे सोंग घेऊन येणाऱ्या या रोगाचे निदान कसे होते, ते का चुकते, आणि डॉक्टर नसलेल्या परंतु गावात जबाबदारीच्या जागी असलेल्या माणसाला त्यात काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार येथे केला आहे.

रोगाचे स्वरूप

शरीरातील हाडे आणि आतील इंद्रिये वगळली तर उरणारे मांस, चरबी, स्नायुबंध, रक्तवाहिन्या व मज्जातंतूंची आवरणे यांना मिळून मृदू ऊती म्हणतात. या ऊतींत गाठी होणे ही गोष्ट मुळीच विरळ नाही. पाठीवर किंवा दंडावर वर्षानुवर्षे असलेली चरबीची मऊ गाठ प्रत्येकाने कोणाच्या ना कोणाच्या अंगावर पाहिलेली असते. अशा निरुपद्रवी गाठी शंभर किंवा त्याहून अधिक असतील, तेव्हा त्यांच्यामागे घातक अर्बुद एखादे असते. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमाचा वाटा शेकडा एकच्या आसपास आहे. मुलांमध्ये हे प्रमाण त्यापेक्षा बरेच अधिक आहे. त्यातही एकच रोग नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखाली निराळे दिसणारे आणि निराळे वागणारे पन्नासाहून अधिक प्रकार आहेत. काही लहान मुलांत, काही ऐन तारुण्यात, तर काही पन्नाशीनंतर आढळतात.

रोग इतका विरळ असल्यामुळे एखाद्या सामान्य व्यवसायी डॉक्टरच्या सबंध कारकिर्दीत असे एकदोनच रुग्ण येतात. दर आठवड्याला मुक्या माराचे रुग्ण पाहणाऱ्याने समोरची सूज मुक्या माराचीच समजावी, यात अज्ञानापेक्षा अनुभवाचाच भाग मोठा आहे. निदानातील खरी अडचण येथे आहे, आणि केवळ डॉक्टरांना दोष देऊन ती सुटणारी नाही.

या अर्बुदांची सर्वांत आवडती जागा म्हणजे मांडी. मांडीत मांसल भाग भरपूर असल्यामुळे तेथे गाठ नारळाएवढी होईपर्यंत चालण्याफिरण्यात अडथळा येत नाही. नसेवर किंवा हाडावर दाब पडेपर्यंत वेदनाही सहसा होत नाही. सर्वसामान्य समजूत अशी की, दुखते ते गंभीर आणि दुखत नाही ते क्षुल्लक. येथे ही समजूत नेमकी उलटी पडते.

सुश्रुताचे निरीक्षण

हा घोटाळा आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘मांसार्बुद’ या विकाराचे वर्णन करताना मुठीच्या प्रहारासारख्या माराने पीडित झालेल्या अंगात मांस दूषित होऊन ते उद्भवते असे सांगितले आहे. त्यापुढे दिलेली लक्षणे आजच्या शल्यचिकित्सकानेही लक्ष देऊन वाचावीत अशी आहेत. ही सूज वेदनारहित असते, तिचा रंग आसपासच्या त्वचेहून वेगळा नसतो, ती पिकत नाही, दगडासारखी टणक असते आणि हलवल्याने हलत नाही. मार लागल्याची हकीगत असूनही त्वचा काळीनिळी नाही, सूज पिकत नाही व दुखतही नाही, ही विसंगती त्या प्राचीन निरीक्षकाच्या नजरेतून सुटली नव्हती. प्रहाराला त्याने कारण मानले, तेवढ्यापुरते मात्र आजचे शास्त्र त्याच्याशी सहमत होत नाही.

न्यूयॉर्कमधील एक हकीगत

पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासात या घोटाळ्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८९० च्या उन्हाळ्यात एलिझाबेथ डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी अमेरिकेत आगगाडीने लांबच्या प्रवासाला निघाली असता तिचा हात दोन आसनांच्या मध्ये सापडून चेमटला. दुखापत किरकोळ होती. परंतु सूज आणि वेदना जाईनात, तेव्हा त्या शरद ऋतूत ती न्यूयॉर्कमधील विल्यम कोली या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या शल्यचिकित्सकाकडे आली. त्याने प्रथम हाडाच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला असावा असे मानले आणि सूज चिरून पाहिली. पू जवळजवळ निघालाच नाही. विकार वाढत गेला. पुढे तुकडा काढून तपासल्यावर सार्कोमा असल्याचे कळले. नोव्हेंबरमध्ये कोपराखालून हात कापण्यात आला, परंतु तोवर रोग शरीरभर पसरला होता. २३ जानेवारी १८९१ रोजी ती मरण पावली.

तिचे अर्बुद हाडाच्या आवरणाशी निगडित होते, केवळ मृदू ऊतींतील नव्हते. तरीही निदानाची वाट कशी चुकते हे या हकीगतीत पायरीपायरीने दिसते. आधी निमित्त सापडले, मग निमित्ताला शोभणारे निदान झाले, मग त्या निदानानुसार चीर दिली गेली. आणि चिरेतून अपेक्षित पू आला नाही तेव्हाही मूळ समजुतीचा फेरविचार होण्यात काळ गेला. कोलीने या मृत्यूचा इतका ध्यास घेतला की, रोगप्रतिकारशक्ती जागवून सार्कोमा बरा करण्याच्या प्रयोगांत त्याने उर्वरित आयुष्य वेचले. आजच्या प्रतिकारोपचारांचा इतिहास सांगताना त्याचे नाव आरंभी घेतले जाते ते यामुळे.

मार हे कारण की निमित्त?

अर्बुद झालेल्या अनेक रुग्णांना त्याच जागी लागलेला मार आठवतो. त्यामुळे मारानेच कर्करोग होतो, ही समजूत दृढ झाली. स्वतः कोलीचाही कल या मताकडे होता. कामगारांना अपघाताची भरपाई देणारे कायदे आल्यावर हा प्रश्न न्यायालयांतही गेला. १९३५ साली जेम्स एव्हिंग या विख्यात विकृतिशास्त्रज्ञाने मार आणि अर्बुद यांचा संबंध मान्य करण्यासाठी कठोर कसोट्या मांडल्या. मार खरोखर लागला होता काय, तो पुरेसा जोराचा होता काय, त्यापूर्वी ती जागा निरोगी होती काय, अर्बुद नेमके त्याच जागी आहे काय, मधला काळ संभवनीय आहे काय, अशा त्या कसोट्या होत. फार थोडी उदाहरणे त्यांना उतरतात.

आज सर्वसाधारणपणे मानले जाते ते असे की, मार अर्बुदाला जन्म देत नाही, तो ते उजेडात आणतो. आधीपासून असलेल्या गाठीला धक्का लागून तीत रक्तस्राव होतो आणि ती एकाएकी मोठी दिसू लागते. किंवा लागले म्हणून माणूस मांडी चाचपून पाहतो आणि तेथे असलेली गाठ त्याच्या हाताला प्रथमच लागते. शिवाय, खेळणाऱ्या मुलाला किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला गेल्या दोन महिन्यांत कोठेच लागले नाही, असे क्वचितच घडते. आठवू पाहिले की मार सापडतोच. म्हणून ‘लागले होते’ या उत्तराने चौकशी संपू नये. मार लागला त्या दिवशी काय झाले, चालता येत होते काय, कातडी काळीनिळी झाली होती काय आणि सूज किती तासांनी आली, हे विचारावयास हवे. मार क्षुल्लक व सूज मोठी असा विषम मेळ दिसला की सावध व्हावे.

साकळलेले रक्त आणि अर्बुद

मुक्या माराची सूज पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वांत मोठी असते आणि नंतर उतरत जाते. बाहेर पडलेले रक्त स्नायूंच्या पडद्यांमधून वाट काढीत त्वचेखाली येते. म्हणून कातडी आधी तांबडीनिळी, मग हिरवट आणि शेवटी पिवळसर होते. कित्येकदा मांडीला मार लागून निळेपणा गुडघ्याशी उतरलेला दिसतो. दाबल्यास दुखते. रंगांचा हा क्रम दोनतीन आठवड्यांत पुरा होतो आणि सूजही बरीच ओसरते.

अर्बुदाचा प्रवास याच्या उलट दिशेने असतो. सूज लहानापासून मोठी होत जाते. अर्बुदात रक्तस्राव झाला तरी त्याच्या भोवतीच्या वेष्टणामुळे ते रक्त आतच कोंडले जाते आणि बाहेरची कातडी नितळ राहते. मोठी सूज असून रंगात काहीच फरक नाही, ही खूण म्हणूनच महत्त्वाची मानतात. पोटरीच्या अर्बुदात रुग्ण ‘पोटरी भरली’ किंवा ‘लचक भरली’ म्हणून येतो. केव्हा पाय सुजल्यामुळे शिरेत रक्त गोठल्याचे निदान होते आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते. अशी औषधे घेणाऱ्याला किरकोळ धक्क्यानेही खरोखरच रक्त साकळू शकते, त्यामुळे घोटाळ्यात आणखी भर पडते.

सुई घालून रक्त ओढून काढले म्हणजे निदान झाले, असेही नाही. अर्बुदातूनही रक्तच निघते. सूज तात्पुरती बसते, रुग्ण समाधानाने घरी जातो आणि पुढल्या पंधरवड्यात ती पूर्ववत भरते. काढलेल्या रक्तात घातक पेशी आढळल्या नाहीत, तरी तेवढ्यावरून अर्बुद नाही असे म्हणता येत नाही; कारण पेशी वेष्टणाच्या कडेला असतात आणि सुई मधल्या रक्तात शिरलेली असते. साकळलेले रक्त असे निदान ज्या सुजेचे झाले आहे, ती पूर्णपणे नाहीशी होईपर्यंत रुग्णाला पुन्हा पुन्हा पाहणे, हाच यावर उपाय आहे. तीनचार आठवड्यांत ती उतरू लागली नाही, किंवा सहा आठवड्यांनंतरही टिकून राहिली, तर मूळ निदान सोडून देऊन तपासणी नव्याने करावी.

याखेरीज कोणती गाठ संशयास्पद मानावी, यासंबंधी शल्यचिकित्सकांत मोठे मतभेद नाहीत. पाच सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे साधारण मोठ्या लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी गाठ. वाढत असलेली गाठ. स्नायूंच्या आवरणाखाली खोलवर असलेली गाठ. आणि एकदा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ. यांतील एक लक्षण असले तरी तपासणी व्हावी, आणि जितकी अधिक लक्षणे जुळतील तितकी घाई करावी. गाठ खोल आहे की वरवर, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. स्नायू ताठ करावयास सांगावे. त्वचेखालची वरवरची गाठ तेव्हा अधिक उठून दिसते व हलवता येते. स्नायूतील गाठ जागच्या जागी घट्ट बसते आणि कमी दिसू लागते.

येथे एका लोकसमजुतीचाही उल्लेख करावयास हवा. जांघेत अवधाण आले नाही म्हणजे आत काही वाईट नाही, असे पुष्कळ ठिकाणी समजतात. परंतु सार्कोमा बहुधा रक्तावाटे फुप्फुसांत पसरतो. लसीकाग्रंथी काही थोड्याच प्रकारांत वाढतात. अवधाण नसणे हा दिलासा नव्हे.

गळू, सुईची गाठ आणि इतर सोंगे

दुखापतीखेरीज आणखी काही साध्या विकारांचेही रूप हे अर्बुद घेते. झपाट्याने वाढणाऱ्या अर्बुदावरची कातडी ताणून गरम व तांबूस होते आणि ते गळू वाटते. ते पिकले असे समजून चिरले जाते, आणि पुवाऐवजी रक्त व मांसासारखा गर बाहेर येतो. क्षयरोगाच्या थंड गळवाला वेदना नसते, ठणका नसतो. त्यामुळे जेथे क्षयरोग सर्वत्र आढळतो अशा आपल्या प्रदेशात न दुखणारी मऊ सूज क्षयाचीच मानण्याकडे कल असतो. ढुंगणावरची गाठ पूर्वी टोचलेल्या सुईची म्हणून सोडून दिली जाते. तरुणांत हातापायाच्या सांध्यांजवळ होणारा एक सार्कोमा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. तो स्नायुबंधावरील पाण्याच्या गाठीसारखा दिसतो आणि मोठी गाठ घातक व लहान गाठ निर्धोक, या ढोबळ नियमालाही बगल देतो. बोटांवर किंवा तळहातावर होणारा आणखी एक प्रकार न भरणाऱ्या जखमेसारखा किंवा चामखिळीसारखा भासतो. १९७० साली फ्रान्झ एन्झिंगर यांनी त्याचे स्वतंत्र वर्णन करीपर्यंत विकृतिशास्त्रज्ञांनाही तो चकवीत असे.

उलट बाजूची चूक

इतके वाचल्यावर प्रत्येक सूज संशयास्पद वाटू लागण्याचा संभव आहे. म्हणून याच्या नेमके उलट घडणारे प्रकारही माहीत असावेत. खेळाडूच्या मांडीच्या पुढच्या स्नायूला जोराचा मार लागून काही आठवड्यांत तेथे टणक गाठ होते आणि तीत हाड तयार होऊ लागते. हा विकार निरुपद्रवी आहे. परंतु घाईने त्याचा तुकडा काढून तपासला, तर वेगाने वाढणाऱ्या पेशी पाहून हाडाच्या कर्करोगाचा भास होतो. पूर्वी अशा चुकीने निरोगी माणसांचे पाय गमावले गेले आहेत. १९५८ साली लॉरेन अ‍ॅकरमन यांनी दाखवून दिले की, या गाठीत पक्व हाड कडेला आणि कोवळ्या पेशी मध्यभागी, अशी रचना असते. घातक अर्बुदात हा क्रम आढळत नाही. क्ष-किरण चित्रातही कडेचे हे कवच मार लागल्यापासून तीन ते आठ आठवड्यांत दिसू लागते. म्हणजे मार निश्चित व जोराचा असेल, तर तीनचार आठवड्यांनी क्ष-किरण चित्र पुन्हा काढून पाहणे हेच येथे शहाणपणाचे ठरते.

तरुणांच्या बाहूवर थोड्याच आठवड्यांत वाढणारी आणखी एक गाठ १९५५ साली वर्णिली गेली. त्यापूर्वी ती सार्कोमाच समजली जाई. ती आपोआप विरते. २०११ साली तिच्या पेशींतील विशिष्ट जनुकीय बदल सापडला आणि तिची ओळख अधिक पक्की झाली. लवकर तपासावे आणि घाईने कापू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळावयाच्या असल्याने हे काम अनुभवी हातांतच शोभते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी सोनोग्राफीची. ती तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते आणि गाठ द्रवाची आहे की भरीव, वरवर आहे की खोल, तीत रक्तपुरवठा आहे की नाही, हे सांगू शकते. साध्या क्ष-किरण चित्राने हाडाशी असलेला संबंध व गाठीतील चुन्याचे कण समजतात. संशय राहिला तर एम. आर. आय. तपासणी करतात. तीत गाठीचा विस्तार, नसा व रक्तवाहिन्या यांच्यापासूनचे अंतर स्पष्ट दिसते. ही तपासणी तुकडा काढण्याच्या आधी व्हावी. कारण तुकडा काढताना झालेल्या रक्तस्रावामुळे नंतरचे चित्र गढूळ होते. फुप्फुसांसाठी छातीचा सी. टी. स्कॅन करतात.

अखेरचा निर्णय बायॉप्सीचा. जाड पोकळ सुईने गाठीचे बारीक तुकडे काढून ते विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठविले जातात. ही क्रिया दिसावयास सोपी आहे आणि सर्वाधिक नुकसानही येथेच होते. सुई ज्या वाटेने गेली ती वाट घातक पेशींनी दूषित झाली असे मानून पुढील शस्त्रक्रियेत तीही काढावी लागते. म्हणून ती पुढच्या चिरेच्या रेषेतच असावी लागते. चीर देऊन तुकडा काढावयाचा असेल तर हातापायावर ती उभी, म्हणजे अवयवाच्या लांबीच्या दिशेने द्यावी लागते. आडवी चीर दिल्यास पुढे फार मोठा भाग काढावा लागतो, क्वचित अवयवही जातो. अमेरिकेतील हेन्री मँकिन यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा अयोग्य बायॉप्सीमुळे ज्यांचा अवयव अनावश्यक कापावा लागला असे रुग्ण शेकडा ४.५ निघाले. १९९६ साली ५९७ रुग्णांच्या दुसऱ्या आढाव्यात हे प्रमाण शेकडा ३ होते. आणि बायॉप्सी उपचार-केंद्राऐवजी पाठविणाऱ्या रुग्णालयात झाली असता चुका व गुंतागुंती दोन ते बारा पट अधिक होत्या. प्रगत देशाची ही स्थिती लक्षात घेतली म्हणजे, जो शल्यचिकित्सक अंतिम शस्त्रक्रिया करणार त्याच्याच देखरेखीखाली बायॉप्सी व्हावी, हा नियम का घालून दिला आहे ते कळते.

याहून वाईट प्रकार म्हणजे ‘चरबीची गाठ दिसते, काढून टाकू’ म्हणून जागा बधिर करून केलेली शस्त्रक्रिया. अर्बुद त्याच्या वेष्टणातून सोलून काढले जाते. वरवर काम स्वच्छ दिसते, परंतु ते वेष्टण अर्बुदाच्याच पेशींचे असते आणि त्या मागे राहतात. काढलेली गाठ तपासणीला न पाठविता टाकून दिली, तर पुढील मार्ग अधिकच बिकट होतो. कितीही साधी वाटली तरी शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ विकृतिशास्त्रीय तपासणीस गेली पाहिजे. रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तसा आग्रह धरण्यात काहीही गैर नाही.

भीती आणि वेळ

खेड्यातील माणूस मोठ्या रुग्णालयात जाण्याचे टाळतो, त्यामागे खर्चाइतकीच पाय कापला जाण्याची भीती असते. ही भीती एकेकाळी साधार होती. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांवरील तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ रुग्णांचा अवयव कापण्यात आला. २७ रुग्णांचे अर्बुद अवयव राखून काढून किरणोपचार देण्यात आले. जगण्याच्या प्रमाणात दोहोंमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही. तेव्हापासून अवयव राखणे हाच नियम झाला असून, अवयव कापणे हा अपवाद ठरला आहे. मात्र गाठ मुख्य नसा व रक्तवाहिन्यांना वेढण्याआधी रुग्ण पोहोचला पाहिजे. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग मूळ जागी असतानाच निदान झालेल्या पाच रुग्णांपैकी सुमारे चार रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूर पसरल्यावर निदान झाल्यास सहांपैकी सुमारे एक.

लेपाने अर्बुद वाढत नाही. परंतु त्यात जाणारा काळ परत मिळत नाही. जोराच्या मालिशाने गाठीतील नाजूक वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. डाग देण्याने त्वचा जळते आणि पुढील शस्त्रक्रियेची जागाच खराब होते. हाडवैद्यांशी वाद घालण्यापेक्षा, तीन आठवड्यांत न उतरलेली सूज त्यांनीच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी, असा समझोता गावात करणे अधिक उपयुक्त ठरेल. लोक प्रथम त्यांच्याकडेच जातात.

शाळा आणि पंचायत

शाळेतील मुलामुलींना रोज पाहणारा माणूस म्हणजे शिक्षक, आणि खेळाच्या तासाला तर मुलांचे हातपाय उघडेच असतात. कबड्डीत पडलेला विद्यार्थी महिन्यानंतरही एक मांडी जाड घेऊन वावरत असेल, तर ते प्रथम क्रीडाशिक्षकाच्या लक्षात येण्याजोगे आहे. अशा वेळी शिंप्याची टेप पुरेशी आहे. गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर, समजा पंधरा सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजावा, तारखेसह वहीत लिहावा आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा मोजावा. डॉक्टरसमोर ‘थोडी वाढल्यासारखी वाटते’ या वाक्यापेक्षा दोन तारखांचे दोन आकडे फार अधिक बोलतात. मुलगी असेल तर हे काम शिक्षिकेने अथवा आईने करावे. संकोचामुळे मुलींच्या मांडीवरील गाठी उशिरा उघडकीस येतात, हे ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत तपासणीस येतात, तेव्हा असे विद्यार्थी नावानिशी त्यांच्यापुढे आणता येतील.

पंचायत सदस्यांना या कामी आशा कार्यकर्तीचे साहाय्य घेता येईल. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना कर्करोगावरील शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार यांना लागू आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत असून, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. परंतु प्रत्येक वेळी मुंबईच गाठावी लागते असे नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर व बार्शी येथेही कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालये आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून पुढील मार्गदर्शन मिळते. प्रवासासाठी एस. टी. व रेल्वेच्या सवलती आहेत. त्यांस लागणारे प्रमाणपत्र रुग्णालयातून पहिल्या भेटीतच मागून घ्यावे.

ज्या रुग्णाची गाठ आधीच कोठे तरी काढली गेली आहे, त्याने मोठ्या रुग्णालयात जाताना केवळ अहवालाचा कागद नेणे पुरेसे नसते. विकृतिशास्त्रज्ञाकडे काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा जतन केलेला मेणाचा ठोकळा असतो. ते दोन्ही लेखी अर्ज देऊन मागून घ्यावेत. ठोकळा उन्हात वितळू नये म्हणून तो बंद डबीत, सावलीत ठेवून न्यावा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची टिपणे आणि पूर्वीची क्ष-किरण व सोनोग्राफी चित्रे सोबत असावीत. या ठोकळ्यावरून नव्या ठिकाणी तपासणी पुन्हा होते आणि अर्बुदाचा प्रकार ठरतो. पुष्कळदा त्यामुळे दुसऱ्यांदा सुई घालण्याचा प्रसंग टळतो.